योगासनांच्या जोडीला ताई ची: आठ महिन्यांनंतर

वृक्षासनात मिनिटभर सहज उभा राहतो, त्यामुळे आपला तोल उत्तम अशी माझी जरा मिजास होती. ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराच्या पहिल्याच आठवड्यात ती उतरली. आधी नुसतं चालायला शिकवलं. सगळं वजन एका पायावर घ्यायचं, दुसरा पाय रिकामा करून पुढे न्यायचा, टाच अलगद टेकवायची आणि मगच वजन हळूहळू तिकडे सोडायचं. माझं पाऊल मात्र दरवेळी धप्पकन पडायचं. म्हणजे इतकी वर्षं मी चालत नव्हतो, दर पावलाला पडता पडता सावरत होतो! वृक्षासनात तोल एकदा सापडला की धरून ठेवायचा. इथे तो सोडायचा आणि पुन्हा मिळवायचा.

मी ताई चीच्या यांग शैलीचा २४ क्रियांचा संच करतो. जुना लांबलचक संच आटोपशीर करून १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने हा बसवला. करायला पाच-सहा मिनिटं, अंगवळणी पडायला मला साडेतीन महिने. 'ढगांसारखे हात' या क्रियेत हातांकडे लक्ष दिलं की पाय चुकायचे, पाय सुधारले की हात. व्हिडिओवरून सराव करणार असाल तर पाठमोरं चित्रण शोधा, नाहीतर डाव्या-उजव्याचा गोंधळ ठरलेला.

तिसऱ्या महिन्यात उजवा गुडघा दुखू लागला. चूक माझीच. पावलावर भार ठेवूनच ते बाहेर वळवत होतो, त्यामुळे सगळा पीळ गुडघ्यात जायचा. आधी वजन मागे घ्यायचं, मग टाचेवर पाऊल फिरवायचं, हे कळल्यावर आणि गुडघे कमी वाकवून बैठक जरा उंच ठेवल्यावर दुखणं थांबलं.

प्राणायामाची सवय उलट आड आली. पूरक-रेचक मोजत बसलो की हात अडखळायचे. शेवटी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "श्वासाला त्याचं काम करू द्या, तुम्ही तुमचं करा."

लवचीकतेसाठी मात्र आसनांना पर्याय नाही. नव्याच्या नादात दोन महिने पश्चिमोत्तानासन सोडलं, तर पायाचे अंगठे हाताला लागेनात. आता आधी आसनं, मग दोनदा संच, शेवटी शवासन. घाम गाळायची हौस असेल तर ताई चीला कंटाळाल.

परवा ओल्या फरशीवर पाय सटकला. वजन अजून मागच्या पायावर होतं, त्यामुळे नुसता पाय पुढे गेला, मी जागेवरच.