घरपोच ‘ताप पॅकेज’: रक्त नीट घेतात, मेसेज मात्र अर्धा

पुण्यात सिंहगड रोड आणि कोथरूड भागात घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबच्या पॅकेजबद्दल. यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), डेंग्यू एनएस1 (विषाणूचं प्रथिन, पहिल्या दिवसांत सापडतं) आणि आयजीएम (शरीराने बनवलेली अँटीबॉडी, उशिरा दिसते) मिळतं.

रक्त घेण्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरून लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करतात. ते राहिलं तर बारीक गुठळ्या होतात आणि मशीन प्लेटलेट कमी मोजतं. सुई काढल्यावर पाच मिनिटं कापूस दाबून धरायला लावतात. पेशी उतरलेल्या असताना घाई केली की कोपर काळंनिळं पडतं. प्लेटलेटचा आकडा लाखाच्या खाली गेला की मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघतात, आणि प्लेटलेटचे पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा नमुना घेतात, तोही जादा पैसे न लावता.

घोळ आहे तो व्हॉट्सअॅपवर. मेसेजमध्ये लाल अक्षरात फक्त प्लेटलेट! 60 हजार वाचून घरचे पपईच्या पानांमागे आणि ब्लड बँकेकडे पळतात. रक्तस्राव नसेल तर एवढ्यावर कोणी प्लेटलेट चढवत नाही; साधारण 10 हजारांच्या खाली किंवा रक्त वाहू लागलं तर डॉक्टर तो विचार करतात. खरं बघायचं ते हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, रिपोर्टमध्ये ‘पीसीव्ही’ म्हणून लिहिलेलं. 38 चं 46 झालं, म्हणजे साधारण 20 टक्के वाढलं, तर रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) झिरपतोय. एकदम घसरलं आणि नाडी जलद झाली तर आत कुठेतरी रक्त जात असण्याची शंका. हे बहुधा ताप उतरताना होतं, आणि नेमकी तेव्हाच लोक ‘आता बरं आहे’ म्हणून पुढची तपासणी रद्द करतात. पीडीएफ उघडून जुन्या रिपोर्टशेजारी ठेवाच.

पॅकेज तापाच्या दुसऱ्या दिवशी घेतलं तर आयजीएमचे पैसे बहुतेक वाया. तेव्हा एनएस1 पुरे. आयजीएम पाचव्या दिवसानंतर सुटं करा.

अंगदुखीला आयबुप्रोफेन ‘चालेल’ असं त्यांच्या फोनवर सांगतात, ते ऐकू नका. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात.

हिरड्यांतून रक्त, काळी शी, थांबत नाहीत अशा उलट्या, पोटात जोराची कळ यांपैकी काही असेल तर लॅबवाल्यांची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. रविवारी नमुना नेतात पण रिपोर्ट सोमवारी देतात. ताप उतरायचा दिवस रविवारी येत असेल तर जवळच्या हॉस्पिटलची लॅबच बरी.

पाचपैकी साडेतीन.