कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतोय? दुरुस्तीला देण्याआधी माझं बिल वाचा

बिलावर पाच ओळी आहेत. सीमॉस सेल. बायोस अपडेट. फॉरमॅट आणि विंडोज इन्स्टॉलेशन. ८ जीबी रॅम, १ नग. ४५० वॅट एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), १ नग. बेरीज नव्या मदरबोर्डच्या किमतीपेक्षा जास्त. मशीन दुरुस्तीवाल्याकडे तीन खेपांत एकूण २२ दिवस होतं: आधी ४, मग ११, मग ७. आणि बिघाड कुठे होता? कॅबिनेटच्या पुढच्या रीसेट बटणात. तो घालवायला मदरबोर्डवरची, त्या बटणाच्या वायरीची दोन पिनांची टोपी उपसायची असते, बस.

दुरुस्तीवाल्याचं नाव लिहीत नाही. कागदावर माझी सही आहे, 'काम समाधानकारक' या शब्दांखाली.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं नाही, आणि हेच जास्त झोंबतं. मशीन नेऊन दिलं तेव्हा त्याने सुरू केलं, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) उघडला आणि दहा सेकंदांत निकाल दिला: "सीमॉस सेल गेलाय, म्हणून रीस्टार्ट मारतंय." बायोसच्या पहिल्याच पानावर तारीख आणि वेळ दिसत होती, आणि ती मिनिटाला मिनिट बरोबर होती. मशीन आदल्या रात्रीपासून प्लगमधून काढलेलं होतं. सेल मेला असता तर घड्याळ मागे कुठेतरी जाऊन बसलं असतं आणि बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या असत्या. त्या गोल सेलचं, सीआर २०३२ चं, काम तेवढंच: वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं आणि सेटिंग्ज सांभाळणं. चालू मशीनला तो रीस्टार्ट करत नाही. हे सगळं मला माहीत होतं. घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि मी मान डोलावली.

का डोलावली? कामाच्या फायली अडकल्या होत्या, समोरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत होता, आणि सेलसारख्या किरकोळ गोष्टीवरून कोण हुज्जत घालणार, असं वाटलं. हे असंच सुरू होतं. पहिली थाप इतकी स्वस्त असते की ती खोटी आहे हे माहीत असूनही आपण गिळतो. मग पुढच्या थापांना अडवायला तोंड उरत नाही.

दुसरी ओळ बायोस अपडेटची. थोडा विचार करा. जे मशीन कधीही, कुठेही रीस्टार्ट होतं, त्यावर बायोस फ्लॅश करायचा, म्हणजे जुना पुसून नवा लिहायचा? फ्लॅश अर्ध्यात असताना मशीन रीस्टार्ट झालं तर बोर्ड तिथेच मरू शकतो. शुद्धीवर असलेला कारागीर हे करणार नाही. त्यानेही केलं नव्हतं, फक्त बिलात लिहिलं होतं. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, 'बायोस व्हर्जन/डेट' ही ओळ बघा. माझ्याकडे आधीचा फोटो होता. आवृत्ती तीच, तारीख तीच. मशीन देण्याआधी या पानाचा फोटो काढून ठेवा.

आता मूळ तपासणी, जी त्याने २२ दिवसांत केली नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, विंडोज लॉग्जखाली सिस्टिम उघडायचं. रीस्टार्टच्या वेळेला कर्नल-पॉवरची ४१ नंबरची नोंद सापडते. ती एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. पुष्कळ जण ४१ दिसला की 'पॉवरचा प्रॉब्लेम' म्हणून मोकळे होतात. थांबा, डिटेल्समध्ये जा, बगचेककोड बघा. तिथे शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे, मग मिनीडंप फोल्डरातली त्या क्रॅशची फाइल तपासायची आणि ड्रायव्हर किंवा रॅमच्या मागे लागायचं. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळालेला नाही: वीज तुटली, मशीन गोठलं किंवा कुणीतरी रीसेट दाबलं. नोंद १०७४ असेल तर रीस्टार्ट एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटने मागितलेला असतो, तिथे हार्डवेअरला हात लावायचं कारण नाही. डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या तर प्रोसेसर, बोर्ड किंवा कार्डाकडे संशय वळतो. माझ्याकडे प्रत्येक वेळी ४१ आणि शून्य. डंप एकही नाही, डब्ल्यूएचईए एकही नाही.

हे सगळं त्याच्या हाती द्यायला मी तयार होतो. दुसऱ्या खेपेला त्याने फॉरमॅट मारला. लॉग गेला. पुरावाही गेला, हे तेव्हा लक्षात आलं नाही. 'सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज' करून लॉग पेन ड्राइव्हवर घ्या, मशीन देण्याआधी, घरी बसून.

फॉरमॅट बिनकामाचा होता हे सांगायला लॉगचीही गरज नव्हती. मशीन बायोसच्या पानावर नुसतं उभं असतानाही रीस्टार्ट होत होतं. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, व्हायरस नाही. बायोसमध्ये रीस्टार्ट होणारं मशीन फॉरमॅट करणं म्हणजे पंक्चर टायर बाहेरून धुणं.

त्याहून मोठी खूण पंख्यांची. रीस्टार्ट होताना कान द्या. एसएमपीएस दमला किंवा वीज तुटली तर पंखे मंदावतात, क्षणभर सगळं शांत होतं, मग पुन्हा घरघर. रीसेटमध्ये बहुधा पंखे थांबतच नाहीत, फक्त स्क्रीन काळी होऊन पहिलं पान येतं. माझे पंखे एकदाही थांबले नव्हते. प्रोसेसर तापल्याचाही प्रश्न नव्हता: टोकाच्या तापमानाला मशीन सहसा सरळ बंद पडतं, आणि इथे तर रिकामं बसलेलं मशीनही उडत होतं.

मग दुसऱ्या खेपेचं ते वाक्य: "माझ्याकडे टेबलावर सलग आठ तास चाललं, एकदाही रीस्टार्ट नाही. तरी एक रॅम वीक वाटली, बदलून टाकली." हे ऐकून मी खूश झालो! आज कळतं की टेबलावर तपासताना त्याने पुढच्या पॅनेलच्या वायरी काढल्या होत्या आणि स्क्रूड्रायव्हर पिनांना टेकवून मशीन सुरू केलं होतं, सगळेच तसं करतात. वायर निघाली, रोग निघाला. वायर परत बसली, रोग परत आला. त्या आठ तासांनी त्याला सांगितलं होतं की बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस तिन्ही ठणठणीत आहेत. बिल त्यानंतरचं आहे.

रॅमबद्दल मी आधीच बोललो होतो. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे ४ पास, म्हणजे चार फेऱ्या, चुका ०. त्यावर उत्तर आलं, "सॉफ्टवेअर सगळं पकडत नाही." वाक्य खरं आहे, म्हणूनच ते वापरतात. परत आलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीचा पार्ट नंबर वेगळा होता, म्हणजे जुळलेली जोडी मोडली. मात्र एक सांगतो, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग ३२०० च्या जागी २४०० दिसला म्हणून लगेच भांडू नका. सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या, की एक्सएमपी ही रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग बंद होते आणि वेग उतरतो. भांडायचं ते पट्टीवरच्या स्टिकरवरून. पार्ट नंबर आणि सीरियल नंबर वाचता येईल असे फोटो हवेत.

तिसऱ्या खेपेला एसएमपीएस. माझा जुना चांगला होता, तो 'स्क्रॅप' म्हणून त्याच्याकडेच राहिला. जुना पार्ट परत मागा, मागाच, पिशवीत घालून घरी आणा. नवीन डब्यावर मोठ्या अक्षरात ४५०. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच १२ व्होल्टवर जगतात. खऱ्या ४५० वॅटच्या सप्लायला या रकान्यात ३५ च्या आसपास अँपिअर असतात. माझं कार्ड एकटं १२० वॅट खातं, प्रोसेसर जोरात चालला की ९० च्या घरात. बेरीज तुम्हीच करा. डबा हातात घेतला तर बिस्किटाच्या रिकाम्या डब्याइतका हलका.

म्हणजे मशीन गेलं एक रोग घेऊन आणि आलं दोन घेऊन. जुना रीस्टार्ट होताच, आता व्हिडिओ रेंडरला लावला की नवाही, आणि या वेळी पंखे थांबवून. मल्टिमीटर लावला: काळी सुई चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरच्या काळ्या वायरीत, लाल सुई पिवळ्या वायरीत. रिकाम्या मशीनवर १२.०६, लोडवर ११.२१. एटीएक्स या मानकात अशा सप्लायला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे ११.४० च्या खाली जाता कामा नये. मोजायचं ते लोडवरच. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणं ही चाचणी नाही, तमाशा आहे. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

मग मी कॅबिनेट उघडलं, बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातली रीसेट लिहिलेली दोन पिनांची टोपी उपसली आणि रिकामं मशीन लावून ठेवलं. दोन दिवस, एकही ४१ नाही. पुढचं बटण दाबून बघितलं तर ते आत जाऊन अर्ध्यावर अडकत होतं, टेबलाला धक्का बसला तरी आतला संपर्क जुळत होता. स्विच चाचणीचा वेळ: पाच मिनिटं. ही पहिली पायरी असायला हवी होती, त्याचीही आणि माझीही.

तक्रारींचं काय झालं? एसएमपीएसच्या हेल्पलाइनवर ४५ मिनिटं होल्ड, मग त्यांनी विचारलं, मूळ बिलावर सीरियल नंबर आहे का. नाही. मग तो पार्ट आमचा आहे हे कशावरून? ग्राहक तक्रार कक्षाने लिहिलं, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. तज्ज्ञ म्हणजे कोण, तर दुसरा दुरुस्तीवाला. तीन जणांना विचारलं. तिघांनी १९२ चा हिशोब ऐकून तोंडी शिव्या घातल्या, लेखी एकानेही दिलं नाही, धंदेवाल्याविरुद्ध धंदेवाला लिहीत नाही. पोलिसांचं म्हणणं, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, हा ग्राहकांचा विषय. ग्राहकवाल्यांचं म्हणणं, खोटं लेबल हा फौजदारी विषय. दोन्ही खिडक्यांवर मी बायोस आवृत्तीचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. एकाने विचारलं, "बायोस म्हणजे अँटिव्हायरस का?" शेवटी संदेश आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया सेवेला गुण द्या. निराकरण काय झालं ते संदेशात नव्हतं.

कामाची नोंद बिलावर करून घ्या: कोणता पार्ट, कोणता नंबर, कोणत्या चाचणीत नापास. 'वीक वाटली' ही चाचणी नाही. सही करताना 'समाधानकारक' खोडा. वॉल सॉकेट आणि यूपीएस बदलून बघणं फुकट आहे, तेही आधी करा.

दुसरा सप्लाय घ्यावाच लागला. ५५० वॅट, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, त्याच रेंडरला मीटर ११.९४ च्या खाली उतरला नाही. रीसेटच्या वायरीच्या टोकाला टेप गुंडाळून ती ड्राइव्हच्या खणामागे बांधून टाकली आहे. बटण अजून अडकतं.