जोड्या जुळवण्याची गणिते: गुणाकार करावा की निवडी मोजाव्यात?

सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत, म्हणून जोड्यांचे उदाहरण आले की कोणत्या रीतीने जायचे हे आधीच ठरलेले बरे. रीती दोन आहेत. एकेक वस्तू काढत अपूर्णांकांचा गुणाकार करायचा, किंवा कॉम्बिनेशनने, म्हणजे क्रम न धरता, अनुकूल निवडी मोजून त्यांना एकूण निवडींनी भागायचे.

दोन्ही एकाच उदाहरणावर लावून बघा. तुळशीबागेतून आणलेले कानातल्यांचे ५ वेगवेगळे जोड एका डबीत मिसळले आहेत. न बघता ४ नग काढले, तर किमान एक जोड जुळण्याची संभाव्यता किती?

गुणाकाराच्या रीतीत आधी एकही जोड न जुळण्याची संभाव्यता काढायची. पहिला नग कोणताही चालतो. उरलेल्या ९ पैकी त्याचा जोडीदार टाळायचा, म्हणजे ८/९. पुढे उरलेल्या ८ मध्ये दोन जोडीदार टाळायचे, ६/८. शेवटी ४/७. गुणाकार ८/२१, म्हणून उत्तर १३/२१. अर्ध्या मिनिटाचे काम!

कॉम्बिनेशनने १० मधून ४ नगांच्या निवडी २१०. जोड न जुळणाऱ्या निवडींसाठी ५ पैकी ४ जोड निवडा (५ प्रकार) आणि प्रत्येकातला एकच नग घ्या (२×२×२×२ = १६). ५×१६ = ८०. ८०/२१० म्हणजे तेच ८/२१.

‘किमान एक’ किंवा ‘एकही नाही’ असे शब्द असतील तर आमचे मत सरळ गुणाकाराच्या बाजूने आहे. आकडे वाढले की फरक आणखी जाणवतो. १० जोडांतून ६ नग काढायचे असतील, तर कॉम्बिनेशनला १३४४०/३८७६० हा अपूर्णांक सोडवत बसावे लागते. गुणाकारात १८/१९ × १६/१८ × १४/१७ × १२/१६ × १०/१५ मांडताच १८ आणि १६ उडतात आणि ११२/३२३ हाती येते. किमान एक जोड जुळण्याची संभाव्यता २११/३२३.

‘नेमका एक जोड’ विचारला की पारडे फिरते. पुन्हा ५ जोड, ४ नग. जुळणारा जोड ५ प्रकारे, उरलेल्या ४ जोडांपैकी २ जोड ६ प्रकारे, त्या प्रत्येकातला एक नग २×२ प्रकारे. ५×६×४ = १२०, उत्तर ४/७. गुणाकाराने जायचे तर जुळणारे दोन नग चार जागांपैकी कोणत्या दोन जागी आले याचे ६ क्रम धरावे लागतात. प्रत्येक क्रमाची संभाव्यता २/२१, सहांची मिळून १२/२१. उत्तर तेच, पण घाईत ६ ने गुणायचे राहून जाते.

कॉम्बिनेशनमधला मोठा खड्डा ‘किमान एक’साठी ५×२८ करणे हा आहे: एक जोड घ्या, उरलेल्या ८ मधून कोणतेही २ नग घ्या. यात १४०/२१०, म्हणजे २/३ येते. ज्या १० निवडींत दोन्ही जोड जुळतात त्या इथे दोनदा मोजल्या जातात, म्हणून १३० ऐवजी १४०. पडताळा सोपा आहे: एकही नाही ८०, नेमका एक १२०, दोन्ही १०, बेरीज २१० आलीच पाहिजे.

दुसरी चूक दोन रीतींची सरमिसळ. अंशात क्रमाने १०×८×६×४ = १९२० आणि छेदात बिनक्रमाचे २१०. उत्तर १ पेक्षा मोठे आले की हेच झालेले असते. अंश क्रमाने मोजला तर छेदही १०×९×८×७ = ५०४० हवा.

रीत निवडण्याआधी वस्तू मात्र नीट वाचा. २ नग काढून जोड जुळण्याची संभाव्यता कानातल्यांच्या ५ वेगवेगळ्या जोडांत १/९ आहे. त्याच मापाच्या, एकाच नमुन्याच्या ५ कोल्हापुरी जोड्या असतील, तर कोणतीही डावी कोणत्याही उजवीला चालते आणि ती ५/९ होते. मोज्यांत डावे-उजवे नसते, फक्त रंग: ४ काळे, ६ पांढरे, २ निळे असे १२ मोजे असतील, तर एकाच रंगाचे दोन येण्याच्या निवडी ६+१५+१ = २२, एकूण ६६, उत्तर १/३. इथे कॉम्बिनेशनच बरे, कारण प्रत्येक रंग वेगळा मोजून नुसती बेरीज करायची असते. आणि पहिला नग परत डबीत टाकून दुसरा काढला असे प्रश्नात असेल, तर कानातल्यांच्या उदाहरणातला छेद ९ नव्हे, १० राहतो.