‘प्रायमर मारून तयार’ हल घेताय? आधी हे वाचा

रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटीचा हल (म्हणजे बोटीचं मुख्य अंग) कोणी ‘प्रायमर मारून तयार, फक्त रंग द्या’ म्हणून विकत असेल तर जरा दमानं घ्या. मला वन मीटर क्लासचा (एक मीटरच्या शर्यतीच्या बोटींचा प्रकार) हल असाच गळ्यात मारला गेला. एपॉक्सी-फायबरचा आहे म्हणे. 14,000 रुपये आधीच यूपीआयने घेतले, ‘पैसे आल्याशिवाय कुरिअर नाही.’

दिसायला देखणा. एकसारखा राखाडी, कुठे खड्डा नाही. रंगाआधी 400 नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवला, तर राखाडी पाण्याच्या जागी गुलाबी पाणी यायला लागलं. गुलाबी म्हणजे डेंटिंगवाल्याची लांबी, खड्डे बुजवायची पुट्टी! कीलच्या (बोटीखाली बसणाऱ्या वजनदार पात्याच्या) खाचेपाशी नखाने खरवडलं तर खपलीच निघाली, आणि खाली आरपार तडा. दुसऱ्या बाजूला मास्किंग टेप लावून ओढली, तर प्रायमर टेपबरोबर सोलून आला. खालच्या फायबरवर पाणी टाकलं की थेंब होऊन घरंगळत होतं. साच्यातून हल सुटावा म्हणून लावतात ते मेण धुतलेलंच नव्हतं. ते आधी काढायचं आणि मगच घासायचं, नाहीतर ओरखड्यांत जाऊन बसतं. साचे करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं होय?

वजनाचं दुखणं वेगळंच. या क्लासमध्ये बोट किमान 4 किलोची, त्यातले 2200 ते 2500 ग्रॅम नुसत्या कीलचे. उरलेल्यात हल, डोलकाठी, शिडं, ती फिरवणाऱ्या सर्वो मोटर, बॅटरी सगळं बसवायचं. लांबीने जड झालेला हल शर्यतीत काय कामाचा!

फोटो पाठवले तर उत्तर आलं, “दादा, तुमच्याकडे उन्हात राहिला असेल.” पैसे परत मागितले आणि नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

हल घ्यायचाच तर प्रायमर आणि जेलकोट (साच्यातच बसणारा वरचा रेझिनचा थर) नसलेला, उघडा मागा. अंधारात आतून टॉर्च धरला की फायबरमधून उजेड झिरपतो आणि लांबी भरलेली जागा काळपट दिसते. व्हिडिओ कॉलवरसुद्धा कळतं. विकणारा आढेवेढे घ्यायला लागला तर तिथेच फोन ठेवा.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. फक्त आता प्रायमर पांढरा आहे आणि किंमत 16,000.