क्लास बदलू पाहणाऱ्या सूत्रधारासाठी २०२४ चे ‘प्लेअर्स हँडबुक’

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या २०२४ मधील सुधारित ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात २०१४ च्या आवृत्तीप्रमाणेच १२ क्लास (पात्रांचे पेशे) आहेत, मात्र आता प्रत्येकाला ४ सबक्लास (उपप्रकार) असून त्यांतला एक प्रत्येक क्लासने तिसऱ्या लेव्हललाच (पात्राच्या प्रगतीच्या टप्प्याला) निवडायचा असतो. स्वतःच्या मोहिमेसाठी क्लासमध्ये फेरफार करणाऱ्या सूत्रधाराला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हा एकसारखेपणा सोयीचा आहे, कारण एका क्लासवरून बेतलेली कल्पना दुसऱ्यावर बसवताना सुरुवातीच्या लेव्हलची जुळवाजुळव करावी लागत नाही.

या सोयीची किंमत क्लेरिक, म्हणजे पुजाऱ्याचा क्लास, मोजतो. जुन्या नियमांत तो पहिल्या लेव्हललाच देवतेचे क्षेत्र निवडत असे. आता समुद्रदेवतेचा आणि युद्धदेवतेचा पुजारी पहिल्या दोन लेव्हल जवळजवळ सारखेच वावरतात. आमच्या सागरी मोहिमेत मी पहिल्याच लेव्हलला देवतेला साजेसा एक मंत्र जादा दिला आणि तेवढ्याने काम भागले.

पॅलाडिनमधला, म्हणजे धर्मयोद्ध्याच्या क्लासमधला, बदल मला अधिक पटला. पूर्वी पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन एकाच पाळीत दोन्ही वार लागल्यावर दोनदा ‘डिव्हाइन स्माइट’ (वाराला जोडलेला दैवी जादा मार) लावून खलनायकाला तोंड उघडण्याआधीच आडवा करी. आता हा स्माइट मंत्र झाला असून त्यासाठी बोनस ॲक्शन ही पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती खर्ची पडते, म्हणजे स्माइटही पाळीत एकदाच. (खलनायकाची भाषणे लिहिणाऱ्याला याचे मोल कळेल.) रेंजर हा रानातल्या शिकाऱ्याचा क्लास मात्र ‘हंटर्स मार्क’ला (लक्ष्यावर खूण करून त्याला जादा इजा करणाऱ्या मंत्राला) इतका जखडला आहे, की तो मंत्र काढू गेल्यास थेट विसाव्या लेव्हलपर्यंतची शिवण उसवते. माझा तो प्रयत्न अजून अर्धवटच पडला आहे.