पीओच्या मुलाखतीआधी घेतलेले पाच मॉक: कुठले पैसे वसूल झाले

आयबीपीएसच्या बँक भरतीतली पीओची (प्रोबेशनरी ऑफिसरची) मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, निघाली त्या आठवड्यात मी दोन ठिकाणी पैसे भरले. एक पुण्यातला मोठा क्लास, दुसरं साताऱ्यात एका निवृत्त शाखाधिकाऱ्यांच्या घरी चालणारे मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती. नावं देत नाही, पण ज्यांची मुलाखत तोंडावर आलीय त्यांना दोन्हींतला फरक कळावा म्हणून लिहितेय.

पुण्यात २,५०० रुपयांत दोन मॉक आणि शंभर प्रश्नोत्तरांची पीडीएफ मिळाली. समोर नुकतेच परीक्षा पास झालेले दोघे बसले होते. शेवटी सांगितलं, ‘कॉन्फिडन्स वाढवा, चेहऱ्यावर स्माईल ठेवा.’ बीएस्सी ॲग्री करून बँकेत का, याचं पीडीएफमधलं उत्तर ‘ग्रामीण भारताच्या सेवेसाठी’ असं होतं. आमच्या बॅचमध्ये शेतीची पदवी असलेले चौघे होतो आणि चौघांनीही तेच वाक्य म्हटलं. पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही, त्यामुळे ते उत्तर किती पोकळ आहे हे मला तिथे कळलंच नाही.

ते कळलं साताऱ्यात. तिथे १,२०० रुपयांत तीन मॉक. बायोडेटा दोन दिवस आधी पाठवावा लागतो आणि साहेब तो खरोखर वाचतात. माझ्या कागदावर ‘कराड तालुका’, ‘वडील शेतकरी’ आणि ‘ॲग्री’ या तीन शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्यांनी विचारलं, पीककर्ज एनपीए (बँकेच्या लेखी थकीत खातं) कधी होतं? मी पाठ केलेलं सांगितलं, ९० दिवस. ते म्हणाले, ‘तुमच्याकडे ऊस आहे ना? ऊस ९० दिवसांत पैसे देतो का?’

मॉक संपल्यावर मराठीत समजावून सांगितलं. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर एनपीए होतं. ज्या पिकाचा हंगाम वर्षापेक्षा मोठा, त्याचं एक हंगाम थकलं तरी होतं. आमची आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ऊस उभा राहतो सोळा-अठरा महिने. वडिलांचं गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्यामागचा हा नियम मला माहीत नव्हता. ‘अगं, घरी जा, पासबुक बघ, सोसायटीच्या सचिवांशी बोल, मग ये,’ म्हणाले. मी गेले. व्याज किती, परतफेडीची तारीख कुठली, कारखान्याकडून बिल आलं की वसुली कशी कापली जाते, सगळं वहीत लिहून आणलं. माझ्या सगळ्या तयारीतला सर्वात कामाचा दिवस तोच.

दुसऱ्या मॉकमध्ये मी सांगितलं, बँकांनी प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे उद्योग वगैरेंना, ४० टक्के कर्ज द्यायचं, त्यातले शेतीला १८. लगेच प्रश्न आला, ‘टक्के कशाचे?’ आकड्यामागचा अर्थ विचारल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणून थांबायचं, अंदाज मारायचा नाही, हेही त्यांनीच घोटवून घेतलं. शेतीबद्दल बोलताना माझं इंग्रजी अडखळत होतं, म्हणून मुलाखत हिंदीतून देता येते याची आठवण करून दिली आणि तिसरा मॉक पूर्ण हिंदीत घेतला.

तिथेही उणिवा आहेत. व्हिडिओ मोबाइलवर काढतात आणि पंख्याच्या आवाजात उत्तरं नीट ऐकू येत नाहीत. एका दिवसात फार जणांना बोलावतात, मी व्हरांड्यात दोन तास बसले. कागदपत्रांकडे तर दोन्ही ठिकाणी कुणी पाहिलं नाही. माझ्याकडे ओबीसीचा नॉन-क्रीमीलेअर दाखला राज्याच्या नमुन्यातला होता, आयबीपीएसला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. मैत्रिणीने वेळेत सांगितलं म्हणून धावपळ करून काढता आला.

प्रत्यक्ष मुलाखत साधारण पंधरा मिनिटं चालली, समोर पाच जण होते. ‘ॲग्री करून बँक का?’ आलंच. मी सोसायटीच्या पासबुकापासून सुरुवात केली. मग एका मॅडमनी विचारलं, कारखान्याने एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत दिली नाही तर तुमच्या वडिलांनी कर्ज कसं फेडायचं? पुढची पाच-सहा मिनिटं त्यावरच गेली आणि मला एकदाही पीडीएफ आठवावी लागली नाही. रेपो रेटच्या प्रश्नानंतरच्या दोन प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत, तसं सांगितलं. १०० पैकी ६४ मिळाले. पात्रतेला ४० लागतात, राखीव प्रवर्गाला ३५, आणि अंतिम यादीत मेन्स आणि मुलाखतीचं वजन ८०:२० असतं. मेन्समध्ये मी काठावर होते, त्यामुळे या गुणांनीच मला यादीत नेलं.

क्लर्कला मुलाखत नसते, त्यांनी यात पैसे घालू नयेत. पीओ किंवा ग्रामीण बँकेच्या ऑफिसर स्केल वनसाठी असा बँकेत आयुष्य काढलेला माणूस तुमच्या जिल्ह्यात शोधा. साताऱ्याला जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. दुपारनंतर साहेब थकतात आणि उलटे प्रश्न कमी होतात.