साबण लावूनही डाग पिवळाच राहिला

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. मी मिरज तालुक्यातला, हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, ऐकत-बघत वाढलेला. तरीही हळदीतच फसलो. आईने माझा शर्ट घासायला घेतला आणि म्हणाली, "बाळा, ही हळद नव्हं. डाग लाल हुईना." तोवर माझ्या कोंबड्यांच्या शेडमधले तीनशेवर पक्षी गेले होते.

माझं 2,000 पक्ष्यांचं शेड आहे. कंपनीशी करार नाही, मका आणि सोयापेंड आणून खाद्य मी स्वतःच भरडतो. अशा एकट्या माणसाला गाठणारे बरेच असतात. हा गृहस्थ मोटारसायकलवरून आला, बोलायला अतिशय गोड. हळद, लसूण, मिरी आणि दालचिनी यांचं 'मसाला प्रिमिक्स', म्हणजे खाद्यात मिसळायची पूड आहे म्हणाला, स्वयंपाकघरातलंच, अपाय काहीच नाही. युरोपात 2006 पासून कोंबडीच्या वाढीसाठी अँटिबायोटिक द्यायला बंदी आहे, आपल्याकडे 2019 मध्ये कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायचं बंद झालं, हेही त्याने सांगितलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या खऱ्या होत्या म्हणूनच पुढचं सगळं मला पटलं.

पुढचं असं: खाद्यातलं कॉक्सीचं (कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगाचं) औषध काढून टाका, टनाला 3 किलो ही पूड घाला, आणि 'बिनऔषधी' कोंबडी आम्ही बाजारभावापेक्षा किलोला 15 रुपये जास्त देऊन उचलतो. 20 किलोचे 17,000 आणि खरेदीच्या नोंदणीचे 8,000 असे 25,000 रुपये मी फोनवरून त्याच्या खात्यात टाकले. हातात आली ती कच्ची चिठ्ठी. पोत्यावर ना बॅच नंबर, ना घटक, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

तेविसाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर पक्षी पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात गोळा झालेले. खाली अंथरलेल्या तुसावर लाल ठिपके. त्या दिवशी 11 मेले, दुसऱ्या दिवशी 40. डॉक्टरांनी दारातच गोणपाटावर एक पक्षी फाडला. आतड्याच्या शेवटी ज्या दोन पिशव्या असतात, त्या काळपट फुगलेल्या, आत रक्ताच्या गुठळ्या. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सीच. पाण्यातून त्यावरचं औषध अँप्रोलियम सुरू केलं, ओला तूस काढून नवा टाकला. तरी एकूण 312 गेले, आणि वाचलेल्यांचं वजन मागे पडलं ते पडलंच.

डॉक्टर रागावले, पण मसाल्यांवर नाही. हळद-लसणाने भूक आणि पचन थोडं सुधारतं, असं ते म्हणाले. पण हळदीचे प्रयोग झालेत ते किलोभर खाद्याला 5 ते 10 ग्रॅम घालून. इथे चार मसाले मिळून 3 ग्रॅम! आणि खरी हळद भरपूर घातली असती तरी कॉक्सीचं औषध काढायचं नव्हतंच. हा हिशेब मी पैसे देण्याआधी का केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

भाच्याने ती पूड कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच ती गुलाबी-जांभळी झाली. हळदही आम्लाने लाल होते, पण पाणी घातलं की तो रंग जातो. हिचा गेला नाही. म्हणजे मेटॅनिल यलो, कपडे-कागद रंगवायचा रंग. पाण्यात टाकल्यावर खाली उरला तो भुसा. दालचिनीचा वास फक्त पोत्याच्या तोंडाशी होता.

अडतिसाव्या दिवशी माल उचलायला कोणी आलं नाही. फोन बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत पैसे टाकल्याची नोंद आणि पोत्याचा फोटो जोडलाय. चिठ्ठीवर जीएसटी नंबर नाही, त्यामुळे माणूस शोधायचा तो खाते क्रमांकावरूनच.

मी आता सांगलीतून अख्खी हळकुंडं आणतो आणि गिरणीत समोर उभा राहून दळून घेतो. कॉक्सीचं औषध खाद्यात परत आलंय. तो माणूस शेजारच्या तालुक्यात दिसल्याचं परवाच एकाने कळवलं, या वेळी पोती हिरवी आहेत म्हणे. तुमच्या दारी आला तर पैशाचं बोलण्याआधी चिमूटभर पूड तळहातावर चोळा आणि त्याच्यासमोरच साबणाने हात धुवा.